दस्तरखानावरची मिठाची वाटी

गेल्या वर्षी ईद होऊन आठवडाही झाला नव्हता. सकाळी अम्मीनं चहाचा कप उचलला आणि तो तिच्या हातातून सुटला. दुसरा दिला, तोही नीट धरता येईना. बोलताना जीभ जड झाली होती. रिक्षा करून दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब २०० च्या वर होता. वेळेवर पोहोचलो म्हणून थोडक्यात निभावलं. उजव्या हाताची बोटं अजून पूर्वीसारखी चालत नाहीत, पण ती चालते, बोलते, नमाज पढते. अल्लाहचे आभार.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून साधा प्रश्न विचारला. "घरात माणसं किती, आणि महिन्याला मीठ किती लागतं?"

मला सांगता आलं नाही. मी वीसेक वर्षं शाळेत इतिहास शिकवतोय. १९३० साली मिठावर मणामागे सव्वा रुपया कर होता, हे मला झोपेतही सांगता येईल. माझ्या स्वयंपाकघरात किती मीठ जातं ते मात्र ठाऊक नव्हतं. बायकोला फोन केला. तिनं किराण्याची वही काढली. पाच माणसं, किलोचं पाकीट साधारण अठरा दिवसांत संपतं. दवाखान्याच्या जिन्यात मोबाइलवर हिशेब केला, तर माणशी दिवसाला अकरा ग्रॅम निघाले. यातलं थोडं मासे धुण्यात नि खरकट्यात जात असेल. पण लोणचं, पापड, बेकरीचा पाव नि फरसाण या हिशेबात धरलेलंच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसासाठी सांगितलेलं प्रमाण पाच ग्रॅमहून कमी आहे, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात सगळं आलं.

मग घरात जे सुरू झालं त्याला भांडणच म्हणावं लागेल. आमच्या घरी दस्तरखान अंथरला की आधी मिठाची वाटी येते. ही दादीची पद्धत. बिस्मिल्लाह म्हणून चिमूटभर मीठ जिभेवर ठेवायचं नि मग जेवायला सुरुवात करायची. जेवण झालं की पुन्हा चिमूटभर. दादी म्हणायची, यानं सत्तर आजार टळतात. दादी गेली, वाटी राहिली. मी ती उचलून फळीवर ठेवली तर अम्मी म्हणाली, "हात गेला तो गेला, आता सुन्नतही काढून घेतोस का?"

यावर काय बोलणार? पण माझा धंदाच जुने कागद उलगडायचा. म्हटलं, बघू तरी कुठून आलं हे.

मशिदीतल्या मौलानांना विचारलं, थोडं स्वतः वाचलं. मीठ हे तुमच्या तोंडीलावण्यांचं सरदार आहे, अशा अर्थाची एक रिवायत इब्न माजाच्या संग्रहात आहे. हदीसच्या जाणकारांनी तिची सनद कमजोर ठरवली आहे. सत्तर आजारांची जी गोष्ट आहे, हजरत अलींना उद्देशून सांगितलेली म्हणून चालते, ती तर त्याहून वाईट. बगदादचे इब्न अल-जौझी (मृत्यू १२०१) यांनी बनावट रिवायतींचा जो मोठा ग्रंथ केला, त्यात त्यांनी ती टाकली आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीच एका आलिमनं सांगून ठेवलं होतं की हे पैगंबरांचं म्हणणं नव्हे. तरीही ती चिमूट बगदादहून निघून म्हसळ्याजवळच्या आमच्या गावापर्यंत पोहोचली. मौलानांनी अम्मीला फोनवर समजावलं, तेव्हा ती थोडी नरमली. माझ्यावर तिचा विश्वास बसला नव्हता, हे इथं नोंदवून ठेवतो.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. ही गोष्ट एवढी टिकली का? खोट्या रिवायती शेकड्यांनी आहेत, बहुतेक कुणाला माहीतही नाहीत. मिठाचीच का टिकली? मला वाटतं, याचं उत्तर धर्मात नाही. ते मिठाच्या टंचाईत आहे.

आपल्या भाषेतच बघा. नमकहलाल, नमकहराम हे फारसीतून आले. मराठीनं आपलं केलं ते 'खाल्ल्या मिठाला जागणं'. धन्यानं दिलेल्या सगळ्या गोष्टींतून भाषेनं मीठ निवडलं. गरिबाचं जेवण म्हणजे मीठभाकर, त्यातही भाकरीआधी मीठ. बेचव माणसाला नि बेचव लेखाला आपण अळणी म्हणतो. ज्या वस्तूची चणचण असते तिच्याभोवती असे शब्द साठत जातात.

कोकणात मीठ तयार होतं, तरी ते स्वस्त नि मुबलक होतंच असं नाही. शिवाजी महाराजांचं १६७१ सालचं एक पत्र प्रसिद्ध आहे, कुडाळचे सुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलेलं. पोर्तुगिजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडतं म्हणून व्यापारी तिकडे वळतात आणि संगमेश्वरकडच्या मिठाला गिऱ्हाईक राहत नाही, तेव्हा बारदेशच्या मिठावर जकात चढवा, असा त्याचा आशय आहे. आपल्या मिठागराला संरक्षण देणारा राजा म्हणून हे पत्र सांगितलं जातं आणि ते बरोबरच आहे. मी त्यातून आणखी एक गोष्ट वाचतो. मिठाच्या भावातल्या थोड्याशा फरकानं सतराव्या शतकातली व्यापाराची वाट बदलत होती.

इंग्रज आले आणि मिठाचा हिशेब फारच कडक झाला. १८४४ मध्ये मुंबई सरकारनं मिठावरचा कर मणाला आठ आण्यांवरून एक रुपया केला, तर सुरतेत लोक रस्त्यावर उतरले. शेवटी सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. उत्तरेत तर याहून विलक्षण प्रकार होता. स्वस्त मीठ चोरून आत येऊ नये म्हणून सिंधूच्या बाजूनं निघून बुऱ्हाणपूरला वळसा घालून पूर्वेकडे जाणारी सुमारे अडीच हजार मैलांची जकातरेषा आखली होती. तिच्या बऱ्याच भागावर काटेरी झाडांचं जिवंत कुंपण होतं. राखणीला जवळजवळ बारा हजार माणसं. हे कुंपण दाट नि उंच करणाऱ्या अधिकाऱ्यांत एक होते ॲलन ह्यूम. होय, तेच, पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे. कुंपण १८७९ मध्ये मोडीत निघालं. लोक त्याला इतके विसरले की रॉय मॉक्सहॅम नावाच्या इंग्रज लेखकाला शंभरेक वर्षांनी त्याचे अवशेष शोधत फिरावं लागलं. मिठावाचून माणसांच्या शरीराचं काय झालं असेल, विशेषतः दुष्काळात नि हगवणीच्या साथीत, हा प्रश्न त्यांनी पुस्तकात नेटानं विचारला आहे. घाम गाळणाऱ्या नि जुलाबानं सुकलेल्या माणसाला मीठ खरंच लागतं. जलसंजीवनीच्या पुडीत साखरेबरोबर मीठ असतं ते उगीच नाही.

गोव्याचं मीठही सुटलं नाही. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानं तिथल्या मीठ उत्पादनावर इंग्रजांनी ताबा मिळवला. बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये द्यायचे ठरले. १८९२ मध्ये करार संपेपर्यंत गोव्यातल्या मिठागरवाल्यांचे पुरते हाल झाले.

आता मी ज्या कागदापाशी अडकलो तिथं येतो. गोपाळ कृष्ण गोखले यांचं १९०२ सालचं अंदाजपत्रकावरचं भाषण. मी ते अनेकदा वर्गात शिकवलंय. सरकारकडे शिल्लक पडत असताना गरिबाच्या मिठावर कर कशाला, असा गोखल्यांचा सवाल होता. त्यात त्यांनी आकडे दिले. कर वाढला की खप घटतो आणि माणशी खप आता वर्षाला दहा पौंडांच्याही खाली आलाय. वैद्यकशास्त्राच्या मते मात्र निरोगी राहायला वर्षाला वीस पौंड मीठ हवं.

इतकी वर्षं मी हे आकडे फळ्यावर लिहून पुसून टाकत आलो. त्या रात्री पहिल्यांदा त्यांचे ग्रॅम केले. वर्षाला दहा पौंड म्हणजे दिवसाला साधारण साडेबारा ग्रॅम. वीस पौंड म्हणजे पंचवीस ग्रॅम.

दिवसाला पंचवीस ग्रॅम मीठ, आणि तेही निरोगी राहण्यासाठी!

गोखल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळच्या डॉक्टरांनी जे सांगितलं तेच ते मांडत होते. शिवाय या खपात गुरांना घातलेलं, मासे नि कातडी खारवायला गेलेलं मीठही आलं. सगळं काही पोटात जात नव्हतं. त्यांचा मूळ मुद्दाही खरा होता. कराचा बोजा गरिबावर पडत होता आणि मीठ महागलं की आधी त्याचाच हात आखडत होता. त्यांच्या नि इतरांच्या रेट्यानं कर उतरलाही. १९०३ पासून टप्प्याटप्प्यानं कमी होत १९०७ मध्ये तो मणाला एक रुपयावर आला. पण एक गोष्ट आपल्या मनात तेव्हापासून बसली, असं मला वाटतं. मीठ कमी खावं लागणं म्हणजे अन्याय आणि पोटभर मीठ म्हणजे हक्क. राष्ट्रीय चळवळीनं तो हक्क आपल्या रक्तात उतरवला. शब्दशः म्हणा हवं तर.

१९३० ची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ती सांगत नाही. त्यातली दोन माणसं मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीच्या वर येत नाहीत. पहिले अब्बास तय्यबजी, बडोद्याच्या उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. गांधीजींना अटक झाल्यावर धारासणाच्या मोर्चाची धुरा त्यांनी घेतली आणि १२ मे रोजी त्यांना पकडलं. वय ७६. दुसरे इमामसाहेब, अब्दुल कादर बावझीर. हे दक्षिण आफ्रिकेपासूनचे गांधीजींचे सोबती. त्यांचे वडील मुंबईच्या जुम्मा मशिदीत मुअज्जिन होते. पूर्वज अरब, पण पिढ्यान्‌पिढ्या कोकणात वसलेले, म्हणून इमामसाहेबांना कोकणीही येत असे. गांधीजींनीच त्यांच्या आठवणीत हे लिहून ठेवलंय. २१ मे रोजी धारासणाच्या मिठागरावर सत्याग्रही लाठ्या खात पुढे सरकत होते. त्यांच्या पुढाऱ्यांत सरोजिनी नायडूंबरोबर हा वयस्क, प्रकृतीनं थकलेला इमाम होता. पुढच्याच वर्षी डिसेंबरात ते वारले. आपल्याकडे शिरोड्याला त्याच महिन्यात सत्याग्रह झाला आणि मुंबईत वडाळ्याच्या मिठागरावर लोक पुन्हा पुन्हा धावून गेले.

कर शेवटी उठला तो १ एप्रिल १९४७ पासून. हंगामी सरकारच्या ज्या अंदाजपत्रकात तो काढला, ते मांडणारे अर्थमंत्री होते लियाकत अली खान. हो, पाकिस्तानचे पुढचे पंतप्रधान. वर्गात हे सांगितलं की मुलं हमखास चमकून वर बघतात.

आणि गांधीजी स्वतः? दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबा आजारी असताना त्यांनी तिला मीठ नि डाळी सोडायला सांगितल्या. ती म्हणाली, तुम्हाला सांगितलं तर तुम्हीही सोडणार नाही. त्यावर त्यांनी तिथल्या तिथं दोन्ही सोडलं. ज्या माणसानं देशाला मीठ उचलायला लावलं, तो कितीतरी काळ मिठावाचून जेवत होता. मूठभर मीठ उचलणं आणि ते खाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना पक्कं ठाऊक असणार. आपण दुसरी तेवढी घेतली.

वैद्यकाचा इतिहास याच काळात दुसऱ्या बाजूनं चालला होता. १९०४ मध्ये, म्हणजे गोखल्यांच्या भाषणानंतर दोनच वर्षांनी, पॅरिसमध्ये आंबार आणि बोजार या दोघांनी काही रुग्णांचं मीठ कमी-जास्त करून रक्तदाब मोजला आणि दोहोंचा संबंध दाखवला. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केंपनर नावाच्या डॉक्टरनं, जो नाझींमुळे जर्मनी सोडून आला होता, अतिरक्तदाबाच्या रुग्णांना नुसता भात, फळं नि साखर यांवर ठेवलं. मीठ जवळजवळ शून्य. तेव्हा या आजारावर चांगलं औषध नव्हतं, माणसं मरत. यातले बरेच जण सुधारले. जेवण मात्र इतकं कंटाळवाणं की घरी गेल्यावर ते पाळणं कठीण.

औषधाचा धागा आपल्याकडून गेलाय, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात हकीम अजमल खान यांच्या प्रोत्साहनानं सलीमुज्जमाँ सिद्दीकी या रसायनतज्ज्ञानं सर्पगंधेच्या मुळीवर काम केलं. १९३१ मध्ये तिच्यातून वेगळ्या केलेल्या एका द्रव्याला हकीमसाहेबांच्या नावावरून अजमलीन म्हटलं. याच मुळीवर मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील यांनी अनेक वर्षं रुग्णांत काम करून १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध छापला आणि रक्तदाबाची औषधं शोधणाऱ्या जगाचं लक्ष तिकडे वळलं. एक हकीम, एक रसायनतज्ज्ञ, एक पारशी डॉक्टर. अम्मीच्या गोळ्यांच्या डबीत आज सर्पगंधा नाही, पण रक्तदाब औषधानं उतरू शकतो हे जगाला पटवण्यात या तिघांचा वाटा आहे.

मिठावर मात्र खरी नजर गेली १९६० मध्ये. ल्युइस डाल या अमेरिकन संशोधकानं निरनिराळ्या ठिकाणच्या लोकांचं मीठ आणि त्यांच्यातला अतिरक्तदाब एका आलेखावर मांडला. कमी मीठ खाणारे खाली, जास्त खाणारे वर. सगळ्यात वरच्या टोकाला उत्तर जपानचे शेतकरी. त्यांचं दिवसाचं मीठ पंचवीस ग्रॅमच्या पुढं होतं. हा आकडा वाचला नि मी पुस्तक मिटलं. गोखल्यांना डॉक्टरांनी 'निरोगी' म्हणून सांगितलेलं जवळजवळ तेवढंच प्रमाण जगात एका ठिकाणी लोक खरोखर खात होते. आणि तिथं पक्षाघात हे मरणाचं फार मोठं कारण होतं.

उत्तर जपानच्या अकिता वगैरे भागांबद्दल वाचताना मला आमचं गाव दिसत होतं. तिकडे हिवाळाभर बर्फ, आमच्याकडे चार महिने पाऊस. तिकडे खारवलेल्या भाज्या, खारे मासे, मिसोचं सूप आणि ढीगभर भात. आमच्याकडे खारा बांगडा, कैरीचं खारं, मिरचीचं लोणचं, पापड, सांडगे आणि ढीगभर भात. भात भरपूर नि तोंडीलावणं जरासं असलं की ते जरासं खारट लागतंच, नाहीतर एवढा भात घशाखाली उतरणार कसा? जपाननं हे ओळखलं. गावोगाव रक्तदाब मोजले, बायकांच्या मंडळांनी मिसोच्या सुपातलं मीठ मोजलं, घरात फ्रीज आले. मीठ उतरत निम्म्याहून खाली आलं आणि पक्षाघातानं होणारे मृत्यूही खूप घटले. एकट्या मिठानं हे झालं असं कुणी म्हणणार नाही, औषधं होती, तपासण्या होत्या. पण मीठ त्यात होतं.

बाकीचं भरभर सांगतो. १९८८ मध्ये ३२ देशांतल्या दहा हजारांवर लोकांचं लघवीतलं सोडियम मोजलं गेलं. त्यात ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी होते, मीठ माहीतच नसलेले. त्यांचा रक्तदाब वयाबरोबर चढत नव्हता. म्हणजे 'वय झालं, दाब वाढायचाच' हे सगळीकडे खरं नाही. २०२१ मध्ये चीनच्या सहाशे गावांतला प्रयोग छापून आला. अर्ध्या गावांना साधं मीठ, अर्ध्यांना पाऊण सोडियम नि पाव पोटॅशियमचं. पाच वर्षांत दुसऱ्या गटात पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. हे मीठ आपल्याकडेही मिळतं, पण मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये, पोटॅशियम अंगावर येतं. अम्मीच्या डॉक्टरांनी तिला नको म्हटलं. आम्ही आणलं नाही.

एक गैरसमज आमच्या मोहल्ल्यात फार आहे, तोही सांगून टाकतो. सैंधव, काळं मीठ, गुलाबी मीठ यानं दाब वाढत नाही म्हणे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, रंग वेगळा. आणि खायचा सोडा, पापडखार, चायनीजच्या गाडीवरची ती पांढरी पूड, यांची चव खारट नसली तरी सोडियम त्यांतही असतं.

आता घरचं. मीठ कमी करा असं सांगणारा मी आणि प्रत्यक्ष करणारी बायको, हे आधीच कबूल करतो. तिनं पहिल्याच दिवशी मला बजावलं, "एकदम काढलंत तर कुणी जेवणार नाही, आणि बोलणी मला बसतील." त्यामुळे आधी मीठ काढलं ते जिथं कुणाला कळणार नाही तिथून. भातातलं बंद. भाकरीच्या उकडीतलं बंद. चपातीच्या कणकेतलं बंद. कालवणाबरोबर खाताना फरक कळला नाही. मुलांना तर महिनाभर पत्ता नव्हता. मग कालवणातलं दर आठवड्याला थोडं थोडं. चमचा ठरला, हातानं घालणं बंद, कारण तिच्या आणि अम्मीच्या चिमटीत दुपटीचा फरक निघाला.

कमी मिठाचं पदार्थ उभा राहतो तो आंबटावर. हे कोकणाला शिकवायला नको. आमसूल, कैरी, चिंच, लिंबू. बांगड्याच्या कालवणात आमसुलं दोन जास्त नि तिरफळं चार जास्त घातली की जीभ मीठ विचारत नाही. मटणात आलं-लसूण जरा वाढवलं, मिरी ताजी कुटली, शेवटी कोथिंबीर-पुदिना. सुक्या माशाचं मला भलतंच भय वाटत होतं, पण सुके बोंबील, जवळा नि सोडे आमच्याकडे बहुतेक नुसते उन्हात वाळवलेले असतात, मीठ न लावता. खरा गुन्हेगार खारा बांगडा. तो दोनदा पाणी बदलून भिजवायचा, कालवणात वरून मीठ घालायचं नाही, आणि महिन्यातून एकदा. यावर अम्मीशी तह झाला. तहाचं कलम दुसरं, लोणच्याची बरणी दस्तरखानावर येणार नाही, ज्याला हवी त्यानं उठून फोड आणायची. आळस हा मोठा पथ्यकारक आहे.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. धाकटा ताटावरून उठला. अम्मी म्हणाली, "तुझ्या अब्बांनी कुवेतच्या खोलीतसुद्धा असं अळणी खाल्लं नाही." अब्बा सुट्टी संपवून निघाले की बॅगेत खारा बांगडा नि लोणच्याचे डबे असत. परमुलखात गावाची चव तेवढीच. ते पन्नाशीतच गेले, झोपेत. तेव्हा कुणी दाब मोजलेला नव्हता. मिठामुळेच गेले असं मी म्हणणार नाही, म्हणता येत नाही. पण अम्मीनं ते वाक्य बोलून झाल्यावर माझ्याकडे बघितलं, आणि नंतर ती कधी ते बोलली नाही.

महिन्या-दीड महिन्यानं जीभ वळली. एका लग्नात बिर्याणी खाताना बायको हळूच म्हणाली, किती खारट आहे. बाजूचे सगळे वाहवा करत होते. दावतीत काय करायचं हा प्रश्न मला सुटलेला नाही. यजमानाच्या मिठाला नावं ठेवणारा माणूस आपल्या समाजात फार वेळ निभत नाही. मी थोडं खातो, रायतं टाळतो, पाणी पितो.

या रमजानमध्ये सहरीला लोणचं नि पापड नव्हते. दही, भाकरी, अंडं, केळं. दुपारी तहान कमी लागते, हे सगळ्यांनीच मान्य केलं. इफ्तारला मुलांनी समोसे मागितलेच. आणले. रोज नाही.

मीठ आता पाकिटावर तारीख घालून उघडतो. पहिलं सव्वीस दिवस पुरलं, मग एकतीस, आता पस्तीस. अजून पाच ग्रॅमवर आलेलो नाही. अम्मीचा दाब गोळ्यांसकट १३४ वर असतो, गोळी चुकली की चढतो, म्हणून गोळी चुकवू देत नाही.

मिठाची वाटी तिनं फळीवरून स्वतःच खाली काढली. मला वाटलं, झालं, पुन्हा सुरू. तिनं ती धुतली, पुसली आणि तिच्यात खजूर भरून दस्तरखानावर ठेवली. उजव्या हातानं. थोडा वेळ लागला.